शोधणारा परतेपर्यंत

शनिवार, ११ मे १९७४

ही डायरी टायरच्या एजंटानं जानेवारीत दिली होती. चार महिने दुकानात कोरी पडून होती. आज काढली, कारण तोंडानं बोलायला गेलो की भांडण होतंय. सकाळपासून तिघांशी झालं.

दादाचा पत्ता नाही.

बुधवारी रेल्वेचा संप सुरू झाला आणि सुक्या बोंबलाच्या गोण्या स्टेशनवर पडून राहिल्या. दादा म्हणाला, गाडी नसली तर नसली, दर्या काय संपावर गेलाय? त्याच दिवशी गोण्या भरून, लवू आणि धाकू या खलाशांना घेऊन हिरावती गुजरातेत बिलीमोऱ्याकडे सोडली. हिरावती म्हणजे आमची होडी, आजीचं नाव. गुरुवारी संध्याकाळी वारा उलटा फिरला आणि वादळ झालं. शेजारच्या मुर्ध्याची एक होडी बरोबर निघाली होती, ती शुक्रवारी फाटकं शीड घेऊन परत आली. त्यांनी हिरावतीला पुढे जाताना पाहिलं, नंतर पाहिलं नाही. याच्यापलीकडे ते काही सांगत नाहीत.

आज उत्तन आणि पाली दोन्हीकडे सायकल मारून आलो. कोणाला काही माहीत नाही. घरी येऊन आयला म्हटलं, मी उत्तरेला जातो, किनाऱ्यानं एकेक गाव विचारत. आय म्हणाली, "गप बस. होडीत बसला का ओकतोस, तू काय शोधनार?" डोकंच फिरलं माझं. कोळ्याच्या पोटी जन्मून मला दर्या लागतो, हा काय मी गुन्हा केला? म्हणून तर भाड्याच्या सायकलींचं दुकान टाकलं. दादानंच ते उभं करून दिलं, लोक हसले तेव्हा तोच एकटा हसला नाही. आता त्याला शोधायला होडीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

वहिनीचे दिवस भरलेत. आधीची दोन गेली, एक पोटात, एक तिसऱ्या दिवशी. कमळाबाई सुईण म्हणते, या वेळी हिला धक्का लागला तर पोरही जाईल आणि हीसुद्धा. वहिनी ओट्यावर बसून दादाचं फाटकं जाळं सांधतेय.

रविवार, १२ मे

सकाळी राघोकाका येऊन बसला. हा आमच्या जमातीचा पाटील. चहा प्यायला, सुपारी कातरली, मग म्हणाला, "गोदूबाय, शोधायला कोन गेलाय का?"

आमच्यात रीत अशी आहे. होडी हरवली की घरातलं एक माणूस शोधायला निघतं. तो बाहेर आहे तोवर हरवलेला जिवंत धरायचा. त्याच्या बायकोच्या कपाळाला, बांगड्यांना कोणी हात लावत नाही, तिच्यापुढं कोणी रडत नाही. शोधणारा एकटा परत आला की मग नावानं पाणी सोडायचं. घरचं कोणी निघालंच नाही तर जमात बसून ठरवते. काकाला तेच विचारायचं होतं. आय म्हणाली, बघते.

दुपारी सातपाटीची एक होडी धक्क्याला बर्फ घ्यायला लागली. आय एकटीच विचारायला गेली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. बराच वेळ आली नाही, आली ती डोक्यापासून ओलीचिंब. म्हणे धक्क्यावर पाय घसरला. मी विचारलं, काय म्हणाले ते? "काय न्हाय. त्यांना म्हाईत न्हाय."

लुगडं बदललं, वहिनीच्या केसांना तेल लावत बसली. मग बाहेर येऊन मला म्हणते, "कमळ्या, उद्या पाटंच्यालाच नीघ."

काल गप बस, आज नीघ. या बाईचं काय समजायचं ते देवाला ठाऊक. वर हुकूम काय, तर "बातमी आल्याबिगर तोंड फिरवायचा न्हाय. बातमी मी धाडीन." म्हटलं, आय, शोधायला मी चाललोय, बातमी मी आणायची ना? तर म्हणे, सांगते तेवढं कर. म्हातारपणात माणसाचं असं होतं. मी वाद घातला नाही. निदान जाऊ तरी देतेय.

दुकानातली सगळ्यात धड सायकल काढली. दोन ट्यूब, सोल्युशनची बाटली, पंप, पाने, एक सदरा. दादाचा शाळेतला ग्रूप फोटो होता तोपण घेतला, कोणाला दाखवायला लागला तर. त्यात तो दहा वर्षांचा आहे. दुसरा फोटो घरात नाही.

सोमवार, १३ मे

पहाटे खाडी होडीनं ओलांडली. दहा मिनिटांत दोनदा ओकलो. होडीवाला हसला नाही, उलट म्हणाला, जप हो कमळाकर. याला माझं नाव कसं माहीत? असेल, सायकल नेली असेल कधी भाड्यानं.

वसईचा कोळीवाडा, मग अर्नाळा. प्रत्येक ठिकाणी तेच: किनाऱ्यावर जायचं, जाळी सांधत बसलेल्या माणसांना विचारायचं, भाईंदरची होडी, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पांढरे तीन पट्टे, तीन माणसं. लोक एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, पुढं बघ. "पुढं" म्हणजे कुठं, विचारलं तर हात उत्तरेला.

ऊन असं की डांबर चाकाला चिकटतंय. पण मला बरं वाटलं. पुढे बघ म्हणतात म्हणजे पुढे काहीतरी असणार. होडी भरकटली असेल, शीड गेलं असेल, कुठल्या तरी खाडीत लावून बसले असतील संप मिटायची वाट बघत. दादा तसाच आहे. लोक इकडे मरतायत आणि तो तिकडे कालवण करून खात बसला असेल.

बुधवार, १५ मे

काल वैतरणेच्या मुखाजवळ पुन्हा होडी, पुन्हा ओकारी. मागच्या चाकाचे दोन स्पोक गेले. आज केळव्याहून सातपाटीला आलो.

एक गोष्ट लिहून ठेवतो, उगाच फुशारकी म्हणून नाही. मी गावात शिरतो तो लोकांना मी कोण ते माहीत असतं. "गोदूबायचा धाकटा ना तू? सायकलवाला?" बसायला घोंगडी, प्यायला पाणी, जेवायला ताज्या मासळीचं कालवण. सातपाटीत तर एकानं नवीन टायर आणून ठेवला होता, पैसे घेईना. भाईंदरला मला कोणी विचारत नाही, तिथं मी होडीला घाबरणारा कमळ्या. इथं सगळा किनारा माझी वाट बघत होता असं वाटतं. एकटा माणूस सायकलवर भावाला शोधत फिरतोय, ही बातमी होडीहोडीनं पुढे जात असणार. दर्यावर बातमी सायकलच्या आधी पोचते.

आयला ज्यानं बर्फाच्या वेळी काही माहीत नाही म्हणून सांगितलं, तो त्या होडीचा मुख्य, तांडेलही भेटला. माझ्याशी बोलताना माणूस सारखा खाली बघत होता. लाजला असेल, मदत करता आली नाही म्हणून. म्हणाला, पुढं बघ, दादा.

माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस मला दादा म्हणतो.

शुक्रवार, १७ मे

दांडी नावाच्या गावात दोन रात्री राहिलो. राहायचं नव्हतं. अंगात ताप भरला, उन्हाचा असेल. सरूबाई नावाच्या म्हातारीनं तिच्या पडवीत झोपवलं. पेज पाजली, कपाळाला कांद्याचा रस चोळला. सारखी रडत होती. विचारलं तर म्हणे, चुलीचा धूर. पडवीत चूल नव्हती.

ताप उतरल्यावर म्हटलं जरा किनाऱ्यावर फिरून येतो. तर उत्तरेकडच्या टोकाला जाऊ देईना. "तिकडं न्हाय जायचा बाला, तिकडं मसन हाय." मी काय लहान आहे मसणाला घाबरायला? पण म्हातारीनं हातच धरला. इतका घट्ट धरला की मी बसलो.

तिनं दादाविषयी खूप विचारलं. कसा होता, किती उंच, काय आवडायचं. मी सांगत बसलो. त्याला लहानपणी भाकरीचा करपलेला पापुद्रा आवडायचा, माझ्या ताटातला उचलायचा. मी शाळेत नापास झालो तेव्हा आयला सांगायला तोच गेला आणि माझ्या वाट्याच्या दोन थोबाडीत खाऊन आला. बोलताना "होता, होता" असंच तोंडात येत होतं. मग मी मलाच झापलं. होता काय, आहे.

सरूबाई म्हणाली, "आसला भाव पायजे." निघताना पैसे द्यायला गेलो तर तिनं माझ्या हाताचं बोट मुठीत धरून ठेवलं, सोडीचना.

रविवार, १९ मे

तारापूर, चिंचणी, मग डहाणू. कुठंच काही नाही. पुढं बघ, पुढं बघ. कंटाळा आला या शब्दाचा. आज डहाणूच्या कोळीवाड्यात एका माणसावर ओरडलो, की बाबा, पुढे पुढे करत मी काश्मीरला जाऊ का? तो जाळं गुंडाळायला लागला. एका घराचं दार मी विचारत असतानाच आतून लागलं.

सायकल चालवताना माणसाच्या डोक्यात काय काय येतं. दोन्ही बाजूला ताडाची झाडं, चिकूच्या वाड्या, रस्त्यावर कुत्रं नाही. पेडल मारतोय आणि हिशेब करतोय. पाणी किती होतं त्यांच्याकडे? बोंबील होते, खायला होतं. पाणी चार दिवसांचं असेल. पावसाचा थेंब नाही. दादा पोहतो माशासारखा. धाकूही पोहतो. लवूला नीट येत नाही. दादा लवूला टाकून पोहणार नाही. इथवर आलो की मी जोरात घंटी वाजवतो, रस्त्यात कोणी नसलं तरी.

मंगळवार, २१ मे

बोर्डीहून निघून गुजरातमध्ये शिरलो. उंबरगाव, मग नारगोळ. इथं मराठी थोडी, गुजराती जास्त, माझी हिंदी बरी चालते.

इथं मला कोणी ओळखलं नाही. कोणी घोंगडी टाकली नाही, जेवायला बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मला जरा रागच आला, इतके दिवस लाड झाले होते ना. किनाऱ्यावर एक माणूस होडीला डांबर लावत होता. त्याला विचारलं, भायंदरवाली होडी देखी क्या, आगे तीन पट्टे सफेद.

त्यानं ब्रशसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाला, "अरे भाई, वो तो दांडी के सामने पलट गई. तूफान की रात में ही. दो की लाश आई, एक बच गया. डहाणू में है अपनी बहन के घर. पूरा किनारा जानता है. तुमको किसी ने बोला नहीं?"

मी म्हटलं, नाही.

मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि ब्रश ठेवला. "तुम्हारा कौन था?"

मी सायकल उचलली. वाळूत सायकल चालत नाही हेसुद्धा सुचलं नाही, वर बसलो आणि पडलो. उठून पुन्हा बसलो आणि पुन्हा पडलो. शेवटी त्या माणसानं येऊन सायकल रस्त्यापर्यंत ढकलून दिली.

बुधवार, २२ मे

काल नारगोळहून डहाणूपर्यंत एका दमात आलो. मध्ये चेन दोनदा उतरली, हात काळे, ते तसेच तोंडाला पुसले. काय विचार केला म्हणाल तर एकच, की कोण वाचलं? तिघांत एक वाचलाय. दादा पोहतो माशासारखा. बहिणीच्या घरी आहे म्हणतो. आम्हाला बहीण नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी पेडल मारताना म्हणत होतो, मानलेली असेल, दादानं कोणाला तरी बहीण मानली असेल, त्याचं काय सांगावं. माणूस किती मूर्ख होतो. पण तेवढ्या बळावर डहाणू गाठलं, नाहीतर बोर्डीच्या पुढं आलोच नसतो.

ज्या घराचं दार रविवारी आतून लागलं होतं, त्याच घरात होता. धाकू.

मला बघून तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याचा उजवा हात खांद्यापासून बांधलेला. मी त्याच्यासमोर उभा. सायकल दारात पडली, मागचं चाक फिरत होतं.

"लवू बुडाया लागला. नाथादादानं त्याला पकडला. मी म्हनलं सोड, दोगंबी जाल. न्हाय सोडला." धाकूनं बांधलेला हात छातीशी ओढून घेतला. "सकाली दोगं दांडीला लागले. दादाच्या हातात लवूचा सदरा तसाच व्हता."

मी विचारलं, अग्नी कोणी दिला?

"मी. दुसरा कोन व्हता? ऊन किती, थांबता येत नव्हता. सरूबायनं चंदन दिला."

सरूबाई. जिनं मला पेज पाजली.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? दांडीला दोन दिवस मी तिच्या पडवीत पडलो होतो, तिथून मसण दिसलं असतं. धाकू म्हणाला, "गोदूमावशीचा निरोप व्हता. आम्ही सातपाटीच्या होडीतून तिला बातमी धाडली, तिनं उलटा निरोप धाडला. कमळाकर येल, त्याला कोनी काय सांगू नका, जेवू घाला आनी पुढं धाडा. सुलूवैनी बालंत होईपर्यंत पुढं धाडा. बोर्डीपर्यंत सगल्या गावांना सांगितलाय. नारगोलचा राहिला."

म्हणजे बातमी आणली ती त्या बर्फवाल्यांनीच. आय ओल्या लुगड्यानं आली ती पाय घसरून नाही, आंघोळ करून आली होती. मुलाच्या नावाची आंघोळ धक्क्यावरच करून आली. वहिनीच्या केसांना तेल लावलं आणि मला म्हणाली नीघ.

मी धाकूला मारलं. बांधलेल्या हातावर मारलं. त्यानं मारून घेतलं.

गुरुवार, २३ मे

काल सगळं लिहवलं नाही.

धाकूच्या घरातून निघालो तो थेट दक्षिणेला. रागानं. आयनं मला फसवलं. मी जिवंत माणूस शोधत होतो आणि अख्खा किनारा मला मयताच्या घरचं जेवण घालत होता. मी समजत होतो माझं कौतुक चाललंय. टायर घेतला, मासे खाल्ले, ढेकर दिली. घरी जाऊन सगळ्या कोळीवाड्यासमोर विचारणार होतो, की आय, दादा माझा नव्हता का? मला रडायचा हक्क नव्हता का? शोधायला पाठवलंस की घालवून दिलंस? धाकू मागून ओरडत होता, "कमळ्या, तू मागं फिरलास का वैनीचा सगला संपला."

चिंचणीपर्यंत आलो. उन्हात डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. एका पाणपोईवर उतरलो. माठ रिकामा होता. तिथंच बसलो.

बसल्यावर हळूहळू डोक्यात शिरलं. मी आता भाईंदरला पोचलो की दादा मेला. आत्ता दादा मेलेला आहे दांडीत, डहाणूत, सातपाटीत, सगळीकडे. फक्त आमच्या ओट्यावर नाही. ओट्यावर वहिनी जाळं सांधतेय आणि तिच्या कपाळाला कुंकू आहे, ते माझ्या या खटारा सायकलवर अवलंबून आहे. मी चिंचणीहून पुढं गेलो तर ती बांगड्या फोडणार आणि तशात तिच्या पोटातलं जाणार. तिसरं.

दादानं लवूला सोडलं नाही. माझ्या हातात दुसरं काय आहे?

ताडाच्या सावलीत बसून मी इतका रडलो की जाणारा एक बैलगाडीवाला थांबला. विचारलं, कुठं जायचंय? मी म्हटलं, कुठंच नाही.

मग सायकल उत्तरेला वळवली.

शनिवार, २५ मे

काय करतोय? फिरतोय. डहाणूहून कासा, कासाहून तलासरी, परत. डोंगर, सागाची पानं वाळून पडलेली, मैलोन्‌मैल माणूस नाही. कोणाला काही विचारायचं नाही. जे शोधायचं ते सापडलंय, आता फक्त परतायचं नाही.

इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. शोधत होतो तेव्हा पायात जोर होता. आता प्रत्येक चढाला वाटतं, कशाला? उतरून सायकल हातानं ढकलतो, उताराला बसायचंही विसरतो. पंक्चर झालं तर बरं वाटतं, अर्धा तास तरी जातो. काल मुद्दाम ट्यूब काढून चांगली असलेली परत बसवली.

लोकांचा त्रास वेगळाच. एका आदिवासी बाईनं विचारलं, कोणाला बघताय? मी म्हटलं, भावाला. ती म्हणाली, सापडेल. आता तिला काय सांगू?

काल एकदा वाटलं, कशाला परतायचं? कधीच नको. असाच जात राहिलो, सुरत, भडोच, आणखी पुढं, तर दादा कायमचा जिवंत. मरेपर्यंत पेडल मारत राहायचं. हा विचार मला इतका बरा वाटला की मी घाबरलो आणि एका झाडाखाली सायकलला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवून बसून राहिलो.

आयचा राग अजून आहे. पण ती पण घरात बसून हेच करतेय. वहिनीसमोर हसून बोलतेय, तिला भाकरी वाढतेय. मला निदान रस्त्यात रडता येतं.

मंगळवार, २८ मे

संप मिटला. डहाणू स्टेशनात मालगाडीची शिट्टी झाली तेव्हा सगळे रस्त्यावर येऊन बघत होते.

दुपारी सातपाटीचा तोच तांडेल डहाणूला आला, खास मला शोधत. या वेळी खाली बघत नव्हता. म्हणाला, "मुलगी झाली. काल सकाली. दोगी बऱ्या हायेत, कमळाबायनं सांगितलाय. गोदूबायचा निरोप हाय, कमळ्याला म्हनावं आता ये."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तांडेलानं पाठीवर हात ठेवला. धाकूची बहीण गूळ घेऊन आली, सगळ्यांनी तोंड गोड केलं, आणि कोणी कोणाकडे बघितलं नाही.

धाकू म्हणाला, गाडीनं जा, सायकल मालडब्यात टाक, रात्रीपर्यंत पोचशील. मी म्हटलं, नाही. गाडीनं गेलो तर आज रात्रीच दादा जाणार. सायकलनं दोन-तीन दिवस लागतात. तेवढे मी त्याला देतो. धाकूला हे पटलं. तोही माझ्याबरोबर येत नाही म्हणाला, मी पोचल्यावर मग येईल.

बुधवार, २९ मे

दांडीला थांबलो. सरूबाईनं या वेळी स्वतःच उत्तरेकडच्या टोकाला नेलं. वाळूवर दोन काळ्या जागा, भरतीनं निम्म्या पुसलेल्या. मी कुठली दादाची विचारलं नाही. दोन्हीकडे बसलो. दादाला सांगितलं की मुलगी झाली. लवूला काय सांगायचं सुचलं नाही, त्याचं कोणीच नाही. त्याला सांगितलं की तुझा सदरा दादानं सोडला नाही.

संध्याकाळी सरूबाईनं करपलेला पापुद्रा वाढला. मी खाल्ला.

शुक्रवार, ३१ मे

दुकानात बसून लिहितोय. घरात माणसं भरली आहेत.

दुपारी खाडी ओलांडली. ओकलो नाही. धक्क्यावरच्या माणसांनी मला एकट्याला उतरताना पाहिलं आणि डोक्यावरचे रुमाल काढले. मी सायकलवर बसलो नाही, हातात धरून चालत आलो. कोळीवाड्यात शिरलो तशा ओट्याओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. राघोकाका आधीच आमच्या दारात होता. आय उंबऱ्यावर उभी होती. मी इतके दिवस तिला विचारायचं ठरवलेलं एकही वाक्य बोललो नाही. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, चेनचं काळं अजून कानाजवळ होतं ते पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आत जा. तिला तूच सांग. मला न्हाय जमायचा."

आत धुरी दिलेली होती, शेपा-ओव्याचा वास. वहिनी बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, कुशीत पोर. कपाळावर कुंकू होतं, आजच लावल्यासारखं ठळक. रस्ताभर मी ठरवत आलो होतो कसं सांगायचं. आधी दांडीचं सांगायचं की लवूचं, की आधी पोरीला बघायचं. मी बाजेच्या पायाशी जाऊन बसलो.

ती माझ्याकडे बघत होती. फक्त माझ्याकडे. माझ्या मागे दारात आणखी कोणी येतंय का, हे तिनं एकदाही पाहिलं नाही. दोन आठवडे सगळा किनारा जे लपवत होता, त्यासाठी मी डोंगर पालथे घातले, आणि हिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आय ओल्या लुगड्यानं घरी आली आणि हिच्या केसांना तेल लावत बसली, तेव्हापासून.

वहिनीनं पोरीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं आणि अगदी हळू म्हणाली, "भावजी, एवढ्या लवकर का आलात?"